गिझरचा करंट उतरतो आणि मोटरचा चढतो: मग ओहमचा नियम कुठे गेला?

तुमचे आकडे आधी एका जागी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. घरात १५ लिटरचा गिझर, पाटीवर २००० वॉट, २३० व्होल्ट. संध्याकाळी गिझर बंद असताना प्लगवर २०३ व्होल्ट, चालू केला की १९०, आणि क्लॅम्प मीटरवर ७.२ अँपिअर. एलिमेंट सुटा करून मल्टिमीटरने मोजला तर २६ ओहम. विहिरीवर दीड एचपीची सिंगल फेज मोटर आहे: दुपारी स्टार्टरवर २१५ व्होल्ट आणि ८.१ अँपिअर, संध्याकाळी १८० व्होल्ट आणि १० अँपिअर. तिचं वाइंडिंग २.७ ओहम. मीटरपासून विहीर ७० मीटर, मध्ये तांब्याची दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. तुमचं म्हणणं असं, की व्होल्टेज उतरलं की गिझरचा करंट उतरतो, मोटरचा मात्र चढतो. शिवाय २३० ला २.७ ने भागलं तर ८५ अँपिअर येतात, ते कुठेच दिसत नाहीत. मग सूत्र चुकतंय की मीटर? आणि शेजारी म्हणतात तसा स्टॅबिलायझर घ्यावा का?

सूत्रही ठीक, मीटरही ठीक. मी मोटर रिवाइंडिंग आणि घरांच्या वायरिंगची कामं करतो, आणि हाच गोंधळ घेऊन येणारी माणसं नेहमी भेटतात. मोजलेले ओहम कुठल्या दोन टोकांमधले आणि कुठल्या अवस्थेतले, हे न बघता भागाकार केला की असं होतं. पण तुमच्या आकड्यांत याहून मोठी गोष्ट दडली आहे आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही: २०३ चे १९० होतात, ते मधले १३ व्होल्ट जातात कुठे? त्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी सोपं, म्हणजे गिझर. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, दोघांना गुणलं की वॉट. १९० भागिले ७.२ म्हणजे २६.४ ओहम. तुमच्या मल्टिमीटरने २६ दाखवले. पाटीवरूनही तेच निघतं: २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण २६.४. तिन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, कारण एलिमेंटमधली नायक्रोमची तार थंड असो की तापलेली, तिचा रोध फार बदलत नाही. अशा वस्तूला ओहमचा नियम डोळे मिटून लावावा.

आता वॉट काढा. १९० गुणिले ७.२ म्हणजे १३६८. तुमचा गिझर संध्याकाळी २००० वॉटचा राहतच नाही. व्होल्टेज सतरा टक्के उतरलं आणि वॉट बत्तीस टक्के उतरले, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो आणि दोघांचा गुणाकार दुहेरी मार खातो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. २००० वॉटवर ते काम २१ मिनिटांत होतं, १३६८ वॉटवर अर्धा तास लागतो. युनिट मात्र तेवढंच. तेव्हा ‘व्होल्टेज कमी म्हणजे बिल कमी’ हे शेजाऱ्यांचं म्हणणं गिझरपुरतं तरी सोडून द्या. उलट टाकी जास्त वेळ तापत राहिल्यामुळे थोडी उष्णता वायाच जाते.

सगळ्या तापणाऱ्या वस्तू इतक्या सरळ नसतात, हेही जाता जाता सांगतो. जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब थंड असताना मोजलात तर चाळीस ओहमच्या आसपास दाखवेल. त्यावरून हिशोब केला तर तो तेराशे वॉटचा निघतो! पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते आणि रोध ५२९ ओहमपर्यंत चढतो, तेव्हा कुठे १०० वॉट होतात. ओहमने १८२७ मध्ये आपला नियम मांडला तो धातूच्या तारांवरच्या प्रयोगांतून, आणि तापमान स्थिर असेल तरच तो जसाच्या तसा लागतो. ही अट आपण शाळेत पाठ करतो आणि मल्टिमीटर हातात आला की विसरतो.

आता मोटर. मल्टिमीटर ओहम मोजताना आतल्या सेलचा बारीकसा डीसी करंट सोडतो. म्हणजे तुमचे २.७ ओहम ही वाइंडिंगमधल्या नुसत्या तांब्याच्या तारेची अडवणूक झाली. मोटर एसीवर चालते तेव्हा दोन गोष्टी आणखी आडव्या येतात. एक, लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल बदलत्या करंटला स्वतःहून विरोध करते. दुसरी, आणि मोठी, म्हणजे फिरत्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं. बाहेरून आलेल्या व्होल्टेजमधून ते वजा होऊन जे थोडं उरतं, तेवढ्यावरच करंट ठरतो. म्हणून ८५ अँपिअर दिसत नाहीत. रोटर जाम झाला किंवा मोटर नुसती हूं हूं करत उभी राहिली, तर हे उलटं व्होल्टेज जवळपास उरत नाही आणि करंट चालू करंटच्या पाच-सहा पट होतो. तेव्हासुद्धा ८५ होणार नाही, कारण कॉइलचा विरोध शिल्लक असतोच.

व्होल्टेज उतरल्यावर करंट का चढतो, तर पंपाला पाणी तेवढंच उचलायचं आहे. मोटरचे फेरे थोडेच कमी होतात, त्यामुळे तिच्यावरचा भार जवळपास तसाच राहतो. तेवढंच काम कमी व्होल्टेजवर करायचं तर जास्त करंट ओढावा लागतो. गिझर मिळेल तेवढ्यावर भागवतो, मोटर आपलं पूर्ण मागून घेते. अलीकडचे इन्व्हर्टर एसी आणि मोबाइलचे चार्जरही या बाबतीत मोटरच्याच पंगतीतले.

हे मागून घेणं मोटरला महागात पडतं. वाइंडिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते, आणि तुमचे २.७ ओहम खरे कामाला येतात ते इथे. दुपारी ८.१ गुणिले ८.१ गुणिले २.७ म्हणजे १७७ वॉट. संध्याकाळी १० गुणिले १० गुणिले २.७ म्हणजे २७० वॉट. करंट पाव पटीने वाढला, उष्णता दीडपट झाली. वाइंडिंग तापलं की तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात २७० हूनही जास्त. माझ्याकडे जळून येणाऱ्या घरगुती पंपांत कमी व्होल्टेजवर तासन् तास चाललेले बरेच असतात. ‘व्होल्टेज वाढलं म्हणून जळाली’ असं सांगत माणसं येतात आणि उघडून बघावं तर सगळं रनिंग वाइंडिंग सारखं काळं पडलेलं असतं. सुरू होतानाचा जोरही व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: १८० व्होल्टवर २३० च्या तुलनेत जेमतेम ६१ टक्के. संध्याकाळी तुमची मोटर कधी हूं करून अडते का? अडत असेल तर लगेच बंद करा. तेवढ्या सेकंदांत ती वाइंडिंगला पंचवीस-तीस पट भाजत असते.

मोटरचे वॉट काढताना नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर पुरत नाही. १८० गुणिले १० म्हणजे १८०० येतात, पण ते व्होल्ट-अँपिअर. त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला खरा कामाला येणारा हिस्सा दाखवणाऱ्या आकड्याने, गुणलं की खरे वॉट. तो किती घ्यायचा हे मोटरवर, रनिंग कॅपॅसिटर किती जीव धरून आहे त्यावर आणि पंपावर किती भार आहे त्यावर ठरतं. पुस्तकातला ०.८ उचलून लावायची गरज नाही, तुमच्या घरचं वीजमीटरच ते सांगेल. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटर चालवा आणि एक मिनिट लुकलुकी मोजा. समजा ९४ भरल्या. ९४ गुणिले ६० भागिले ३२०० म्हणजे १.७६ किलोवॉट. यातले काही वॉट वायरीत जातात, त्याचा हिशोब पुढे येतोय: साधारण १७०. मोटरपर्यंत १५९० पोचले. त्याला १८०० ने भागलं की पॉवर फॅक्टर ०.८८. हा आकडा बराच खाली, ०.७ वगैरे आला, तर आधी कॅपॅसिटर तपासून घ्या. मोटरच्या मानाने कॅपॅसिटर कितीतरी स्वस्त असतो.

आता त्या १३ व्होल्टकडे येऊ.

गिझर बंद असताना २०३ व्होल्ट, चालू असताना १९०. मधले १३ व्होल्ट ७.२ अँपिअर वाहू लागल्यावरच गायब झाले. म्हणजे डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या प्लगपर्यंतच्या वाटेत रोध आहे: १३ भागिले ७.२, साधारण १.८ ओहम. कुठलीही वायर न सोडता आणि ओहमच्या बटणाला हात न लावता रोध मोजून झाला. माझ्या मते तुमच्या सगळ्या मोजमापांत हेच सर्वांत कामाचं आहे. या वाटेत ७.२ गुणिले ७.२ गुणिले १.८, म्हणजे ९३ वॉटची उष्णता होतेय. ती पसरून होत असेल तर फारसं बिघडत नाही, एका जागी साठत असेल तर तिथे आग लागू शकते.

ती कुठे होतेय हे शोधायला एक मोजमाप आणखी हवं. मेन स्विचवर मीटर लावा आणि दुसऱ्याला गिझर चालू-बंद करायला सांगा. समजा तिथे २०३ चे १९८ झाले. मग ५ व्होल्ट मेन स्विचच्या अलीकडे गेले, म्हणजे खांबावरची लाइन आणि सर्व्हिस वायर यांत. उरलेले ८ तुमच्या घरात. ८ भागिले ७.२ म्हणजे १.१ ओहम. आता वायरीचा हिशोब बघा. तांब्याच्या अडीचच्या वायरीला किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतात. मेन स्विचपासून बाथरूम १५ मीटर धरलं तर फेज आणि न्यूट्रल मिळून ३० मीटर, म्हणजे ०.२२ ओहम. दीडची वायर असली तरी ०.३६. मग १.१ कुठून आले? जास्तीचे पाऊण-एक ओहम वायरीचे असूच शकत नाहीत. ते कुठल्यातरी ढिल्या स्क्रूत, काळ्या पडलेल्या सॉकेटच्या पट्टीत, नाहीतर भिंतीतल्या पिळून टेप लावलेल्या जोडात बसलेत. ०.८८ ओहम धरले तर तिथे ४५ वॉट तापताहेत. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॉटची असते आणि ती शिसं वितळवते. सॉकेटमागच्या प्लॅस्टिकच्या डब्यात जवळपास दोन इस्त्र्या रोज अर्धा तास चालू ठेवल्यासारखं आहे हे.

एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, हे पकडत नाही. ढिल्या जोडामुळे करंट वाढत नाही, कमीच होतो, आणि एमसीबी फक्त जास्त करंट बघते. गिझरचा प्लगटॉप वापरानंतर हाताला कोमटसर लागणं चालतं, चटका बसला तर नाही. पिना तपकिरी पडल्या असतील किंवा सॉकेटला मासळीसारखा जळका वास येत असेल, तर मोजत बसू नका, मेन बंद करून वायरमनला बोलवा. ८ व्होल्ट हा माझा समजाचा आकडा आहे. तुमच्याकडे उलटंही निघेल: ११ व्होल्ट बाहेर आणि २ घरात. मग सर्व्हिस वायरच्या खांबावरच्या जोडाकडे बोट जातं आणि ते काम वीज कंपनीचं. तक्रार लिहून द्या आणि त्यात वेळ, भार नसतानाचं व्होल्टेज, भार असतानाचं व्होल्टेज आणि अँपिअर असे चारही आकडे घाला. १९५६ च्या विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला सहा टक्क्यांची वर-खाली मुभा होती. त्या मोजपट्टीने २३० चे २१६ पर्यंत चालले असते. तुमच्याकडे गिझर बंद असतानाच २०३ आहेत, तेव्हा तक्रारीला आधार आहे.

हाच हिशोब विहिरीच्या वायरीला. दीडच्या वायरीला किलोमीटरला १२ ओहम. जाऊन-येऊन १४० मीटर म्हणजे १.७ ओहम. १० अँपिअरला १७ व्होल्ट वाटेतच गेले आणि १७० वॉट वायर तापवण्यात. वर मोटरच्या वॉटमधून वजा केले ते हेच. मीटरपाशी १९७ असतात म्हणूनच मोटरपाशी १८० उरतात. वायर अडीचची केलीत तर गळती १० व्होल्टवर येईल, चारची केलीत तर साडेसहावर. आणि मोटरला व्होल्टेज जास्त मिळालं की तिचा करंटही थोडा उतरेल, म्हणजे गळती आणखी कमी. ७० मीटरला मी तरी चारच टाकतो. दुकानदार ‘दीडची वायर बारा-पंधरा अँपिअर आरामात घेते’ म्हणेल आणि ते खरंही आहे, पण तो वायर जळण्याबद्दल बोलतोय, व्होल्टेज गळण्याबद्दल नाही. छोट्या अंतराला पहिली गोष्ट बघायची, लांब अंतराला दुसरी. वायर खरंच तांब्याची आहे ना, हेही सोलून बघा. त्याच जाडीच्या अॅल्युमिनियमला साधारण एक पूर्णांक सहा पट रोध असतो.

आता स्टॅबिलायझर. गिझरला मुळीच नको. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. पलीकडे २३० व्होल्टला ८.७ अँपिअर द्यायचे तर अलीकडून तेवढेच वॉट, वर स्वतःचं थोडं नुकसान, तो ओढणार. तुमच्या १.८ ओहमच्या वाटेतून ७.२ ऐवजी ११ अँपिअर वाहतील, प्लगवरचं व्होल्टेज १९० वरून १८३ वर जाईल आणि वाटेतली उष्णता ९३ वॉटवरून २१८ वर. तो ढिला जोड तसाच असेल तर स्टॅबिलायझर त्याला आणखी भाजेल. पाणी दहा मिनिटं आधी तापण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? गिझर दहा मिनिटं आधी लावा. मोटरचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तिथे कमी व्होल्टेजने वस्तूच जळते. तरी क्रम असा ठेवा: आधी जाड वायर, मग कॅपॅसिटरची तपासणी, आणि शक्य असेल तर पंप दुपारी चालवणं. तुमच्या दुपारच्या आकड्यांवर मोटर अगदी सुखी आहे. इतकं करून व्होल्टेज १९० च्या खालीच राहिलं तर स्टॅबिलायझरचा विचार करा, आणि तो मोटरच्या चालू करंटवर न निवडता सुरू होतानाचा करंट झेपेल असा निवडा. लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की मोटर आपोआप बंद करणारं उपकरण, मात्र आजच बसवा.

मोजताना काही गोष्टी सांभाळा. ओहम मोजताना वस्तूची फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटी हवीत, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मोटर असेल तर आधी कॅपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या. मल्टिमीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या की ०.२-०.३ ओहम दाखवतात ते वजा करा. गिझरच्या २६ मध्ये ते खपतं, मोटरच्या २.७ मध्ये खपत नाही. क्लॅम्प एकाच वायरीभोवती घाला, दोन्ही एकत्र घेतल्या तर शून्य दाखवेल. मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना प्लगचं व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट होतो. मेन स्विचवरचं मोजमाप, हातात सवय नसेल, तर वायरमनकडूनच करून घ्या. त्याला फक्त सांगा की गिझर चालू आणि बंद, असे दोन्ही आकडे हवेत. पुष्कळ वायरमन बंद असतानाचं व्होल्टेज बघून ‘ठीक आहे’ म्हणतात आणि निघून जातात.

हे दोन आकडे आणि मीटरवरची लुकलुकी कळवा, म्हणजे जोड घरात आहे की खांबावर ते सांगता येईल. गिझरच्या लुकलुकीवरूनही ताळा मिळतो. एलिमेंट १३६८ वॉट घेतो, म्हणजे मिनिटाला ७३. घरातल्या वायरीत ८ व्होल्ट जात असतील तर मीटर ७६ मोजेल. तीनचाच फरक आहे, त्यामुळे एका मिनिटाऐवजी पाच मिनिटं मोजा.